जुना गेम परत आणला, मग त्यात सोयी कशाला? नाशिककर, आपापली बाजू मांडा

जुनाखेळिया · रविवार, रात्री ११:४०

आज कॉलेज रोडला आमच्या जुन्या कंपूची बैठक झाली. पाच जण, सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. दुसऱ्या चहापर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. मग डन्जन फाइंडरचा विषय निघाला आणि शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली. घरी आलो तरी डोकं शांत होईना, म्हणून धागा.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २००४ च्या नोव्हेंबरात आला. पुढे वर्षागणिक त्यात इतकं बदललं की मूळ गेम कुठे खेळायलाच मिळेना. लोक खाजगी सर्व्हरांवर गेले. त्यातला नोस्टाल्रियस नावाचा सर्व्हर वकिली पत्र आल्यावर २०१६ च्या एप्रिलमध्ये बंद झाला, तेव्हा जुना गेम परत द्या म्हणून अडीच लाखांवर सह्या जमल्या. शेवटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्लिझार्डने, म्हणजे गेमच्या कंपनीने, 'क्लासिक' काढला. मग जुनी एक्स्पान्शन्सही (गेमचे पुढचे जोडभाग) एकेक करून आली. आणि मग सुरू झालं, हे पण द्या, ते पण द्या.

डन्जन फाइंडर म्हणजे काय, तर एक बटण. दाबलं की गेम तुम्हाला चार अनोळखी माणसं शोधून देतो आणि पाचही जणांना उचलून थेट गुहेत सोडतो. मूळ गेममध्ये तो २००९ च्या डिसेंबरात आला. 'रॅथ' हा त्यातला एक जोडभाग परत काढला २०२२ मध्ये, तेव्हा कंपनीने आधी तो मुद्दाम वगळला, नंतर ओरड झाली आणि २०२३ मध्ये घातला.

माझं म्हणणं असं, की तो घातला त्या दिवशी गेम बारका झाला. स्कार्लेट मॉनेस्ट्री ही गुहा आठवा. आम्ही अलायन्सवाले, म्हणजे तो भाग शत्रूचा. साउथशोअरहून निघायचं, आपल्यापेक्षा वीस लेव्हल मोठ्या अस्वलांना चुकवत प्लेगलँड्स पार करायचं, बुलवर्कच्या पहारेकऱ्यांपासून जीव वाचवायचा. घरच्या ब्रॉडबँडवर रात्री २ ते सकाळी ८ डेटा फुकट असायचा, म्हणून अडीचला अलार्म लावून उठायचो. त्या चालण्यात ज्या माणसांशी ओळख झाली त्यातल्या एकाच्या लग्नाला मी मालेगावला जाऊन आलोय. बटण दाबून मिळालेल्या माणसाचं नावसुद्धा कुणी वाचत नाही.

उद्या हिंजवडीच्या बसमध्ये तुमचे प्रतिसाद वाचेन.

ट्रोलोबा · रविवार, रात्री ११:५२

जास्तीचा रस्सा आणि दोन पापड घेऊन बसलोय. होऊ द्या.

सातपूर_शिफ्ट · सोमवार, सकाळी ७:१५

कालच्या टेबलावरचा दुसरा भांडखोर मीच. रात्रपाळी करून आत्ता घरी आलोय, त्यामुळे जरा तिखट लागलं तर सांभाळून घे रे.

तू चालणं सांगितलंस. त्याआधीचं का नाही सांगितलंस? आयर्नफोर्जच्या बँकेसमोर उभं राहून 'टँक पाहिजे, टँक पाहिजे' ओरडण्यात गेलेला दीड तास? टँक (पुढे राहून मार खाणारा) मिळेपर्यंत हीलरला (बाकीच्यांना बरं करणाऱ्याला) आई जेवायला बोलवायची. दुसरा हीलर येईपर्यंत टँकच्या कॅफेचा तास संपायचा. असे कितीतरी दिवस गेले, गुहेचं तोंडही न बघता.

तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. कॉलेजला दांडी मारली तर कोणी विचारत नव्हतं. तुला जे परत पाहिजे ते गेममध्ये कधी नव्हतंच, ते तुझ्या वयात होतं.

आणि पुरावा देतो. मोल्टन कोअरमधला रॅग्नारोस हा मोठा राक्षस पहिल्यांदा पडला २००५ च्या एप्रिलमध्ये, गेम आल्यावर १५४ दिवसांनी. २०१९ ला तोच गेम, ना फाइंडर ना काही, आणि एका आठवड्याच्या आत पाडला पोरांनी. सोयीने नाही बिघडवलं काही. माणसंच बदलली. प्रत्येकाकडे यादी तयार, कुठली तलवार, कुठला मार्ग, किती मिनिटं. क्वेस्टी ॲडऑन लावून नकाशावर ठिपके बघत खेळतात आणि वर म्हणतात 'आम्ही शुद्ध'. तूही लावतोस क्वेस्टी. काल बघितलं मी.

जुनाखेळिया · सोमवार, सकाळी ८:०५

क्वेस्टी लावतो. कबूल. डोळ्यांना चष्मा लागलाय, क्वेस्टचा मजकूर वाचवत नाही.

ट्रोलोबा · सोमवार, सकाळी ८:०७

पहिली विकेट.

पिंपळगावचा_बागायतदार · सोमवार, दुपारी १:३०

मी वॉरक्राफ्टवाला नाही. आमचं आयुष्य एज ऑफ एम्पायर्स दोनमध्ये गेलं. द्वारकेजवळच्या एका कॅफेत आठ मशीन, लॅनवर चार विरुद्ध चार, हरणाऱ्यांनी वडापाव द्यायचा. भांडण मात्र सेम टू सेम, फक्त आमच्याकडे ते शेतीवरून आहे, म्हणून बोलायचा जरा जास्त हक्क.

मूळ गेम १९९९ चा. त्यात फार्म लावायला ६० लाकूड लागतं. सुरुवातीला एका फार्ममधून १७५ अन्न निघतं, हॉर्स कॉलर घेतलं की २५०. संपलं की फार्म ओसाड आणि शेतकरी हात बांधून उभा. तिकडे किल्ल्यावर लढाई पेटलेली आणि इकडे वीस शेतकरी उभे. पुढच्याच वर्षी काँकरर्समध्ये मिलवर आगाऊ फार्म लावून ठेवायची सोय आली. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये तर एक खूण केली की लाकूड असेपर्यंत फार्म आपोआप पेरले जातात.

आमच्यातले दोघे यावर अजून रुसून आहेत. म्हणतात, हा गेमच राहिला नाही, लढता लढता शेताकडे लक्ष ठेवणं हेच तर कसब होतं.

मी म्हणतो, बाबांनो, माझ्याकडे खरी चार एकर द्राक्षं आहेत. आजोबा पाटाने पाणी द्यायचे, रात्री बॅटरी घेऊन बारे मोडायला जायचे. मी ठिबक टाकलं. मला कोणी खोटा बागायतदार म्हणालं नाही. छाटणी कधी घ्यायची, माल कधी सोडायचा, व्यापाऱ्याला किती ताणायचं, डोकं तिथे लागतं. बारे मोडण्यात नाही.

पण ऑटो स्काउट मला पटत नाही. घोडेस्वार स्वतःच नकाशा फिरून येतो. अहो, कुठे बघायचं हा तर निर्णय आहे! माझा घोडेस्वार मीच फिरवणार. मेंढ्या हुकल्या तर माझ्या हुकल्या.

बाराच_युनिट · सोमवार, रात्री ९:२०

बागायतदार दादा, ठिबकचा दाखला झकास आहे, पण जिथे लावलाय तिथे लागू नाही. शेतीत तुम्हाला पीक पाहिजे असतं, कसंही येवो. खेळात पीक कुणाला पाहिजे? कबड्डीत दम न सोडता 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं, त्याला स्पीकर लावून दिला तर चालेल का?

स्टारक्राफ्ट बघा. १९९८ चा गेम. एका वेळी बाराच युनिट निवडता येतात. दोनशे सप्लायची फौज असली तरी बारा बाराचे घास करून हलवायची. नवा कामगार जन्मला की त्याला हाताने खाणीवर पाठवायचं, नाहीतर तो जन्मल्या जागी उभा. २०१० च्या दुसऱ्या भागात हे सगळं सुटसुटीत केलं. आणि तरीही २०१७ ला पहिला भाग रीमास्टर केला तेव्हा चित्रं नवी केली, आवाज नवे केले, पण बाराचा आकडा तसाच ठेवला. कारण तो आकडा काढला की वेगळा गेम होतो. लक्ष हीच तिथली संपत्ती. कामगाराला पाठवू की लढाई बघू? दोन्ही जमत नाही, म्हणून तर मजा.

तुमच्या फार्मचंही तेच होतं. तुमचे रुसलेले दोघे बरोबर आहेत. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पिंपळगावचा_बागायतदार · सोमवार, रात्री ९:४१

सांगतो. पण ते दोघे माझ्याशी खेळताना खूण करूनच ठेवतात. एकदा पकडलंय.

मधुरा_हीलर · मंगळवार, रात्री १२:१०

धागा वाचून राहवलं नाही. मुलगी झोपली, आता माझा एक तास.

मी प्रीस्ट खेळते, म्हणजे हीलर. २००८ पासून, आधी नाशिक रोडला भाड्याच्या खोलीत, आता सिडकोत. इथल्या सगळ्या दादांच्या आठवणीत 'हीलर मिळत नव्हता' हे वाक्य येतं. कधी विचार केलात का, हीलर का मिळत नव्हता?

कारण हीलर एकटी असताना काही करू शकत नाही. होली टॅलेंट (बरं करायचं कौशल्य) घेऊन एक रानडुक्कर मारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वरण शिजतं. मग एकटं खेळायचं तर शॅडो (मारायचं कौशल्य) व्हायला पाहिजे. टॅलेंट बदलायला पहिल्यांदा १ गोल्ड, मग ५, मग १०, असं वाढत वाढत ५० वर जाऊन थांबतं. आठवड्यात मधल्या दिवशी शॅडो आणि शनिवारी गिल्डसाठी (आपल्या कंपूसाठी) होली, म्हणजे दोन वेळा बदल, १०० गोल्ड. चाळिसाव्या लेव्हलला पहिला घोडा साधारण तेवढ्यालाच पडायचा. दर आठवड्याला एक घोडा मी फक्त तुम्हाला जिवंत ठेवण्यासाठी खर्च करायचा! रोगवाल्याला (Rogue, छुपा मारेकरी) हा खर्च नाही. त्याचं एकच टॅलेंट सगळीकडे चालतं, आणि 'सोयी नकोत' म्हणणारा हमखास रोगवालाच असतो.

मूळ गेममध्ये ड्युअल स्पेक, म्हणजे दोन टॅलेंट एकत्र बाळगायची सोय, २००९ च्या एप्रिलमध्ये आलं. २०२४ च्या नोव्हेंबरात वर्धापनदिनाचे नवे सर्व्हर निघाले त्यांत ते पहिल्या गेमलाच दिलं, तेव्हा केवढा गहजब! 'निवडीला किंमत राहिली नाही' म्हणे. किंमत होती हो, पण ती ठरावीक लोकच भरत होते.

जुनाखेळिया, तुम्ही कुठला क्लास खेळता?

ट्रोलोबा · मंगळवार, सकाळी ८:३०

बोला बोला. अख्खा महाराष्ट्र उत्तराच्या प्रतीक्षेत.

जुनाखेळिया · मंगळवार, सकाळी ९:१२

रोग.

ताई, ड्युअल स्पेकवर मी हरलो. याचा मी त्या बाजूने कधी विचारच केला नव्हता, आणि आमचा हीलर तेव्हा गोल्ड उसने मागायचा तर आम्ही त्याला चिडवायचो. आज सकाळी त्याला फोन केला. म्हणाला, 'एकवीस वर्षांनी का होईना'. एकवीस नाही झाली, पण असो.

अजून एक सोडून देतो. क्रोनोबून. २०१९ च्या क्लासिकमध्ये रेडला (मोठ्या गटाच्या मोहिमेला) जाण्याआधी वर्ल्ड बफ (तात्पुरतं बळ) गोळा करायचे आणि ते उतरू नयेत म्हणून लोक चक्क लॉगआउट करून बसायचे. रेडच्या दिवसापर्यंत गेमच उघडायचा नाही! २०२१ मध्ये बफ बाटलीत भरून ठेवायची वस्तू दिली, तर लोक निदान आपलं पात्र घेऊन हिंडायला लागले. ती सोय मूळ गेमची नव्हती आणि तरी ती मला खटकत नाही.

पण फाइंडरवर मी हलणार नाही. सातपूर, 'नको असेल तर वापरू नकोस' हे तू परवा चार वेळा म्हणालास. हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं.

वणीची_पायरी · मंगळवार, दुपारी ४:००

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांगा. गेम फार खेळत नाही, मुलगा खेळतो.

आमच्या सप्तशृंगी गडावर बघा. पाचशेच्या आसपास पायऱ्या. माझ्या आईला गुडघ्यामुळे दर्शन बंद झालं होतं. २०१८ ला फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, आई काही मिनिटांत वर. मी आजही पायऱ्यांनीच जातो. चैत्रात खानदेशातून माणसं उन्हातान्हाची चालत येतातच, ट्रॉली आहे म्हणून कुणी दिंडी मोडली नाही. देवीनेही कुणाला विचारलं नाही, कसा आलास. मग तुमच्या गेममध्येच एवढं काय अडतं?

सातपूर_शिफ्ट · मंगळवार, दुपारी ४:२५

काका, लाख बोललात. धागा बंद करा आता.

जुनाखेळिया · मंगळवार, रात्री १०:५०

काका, स्वागत. आणि तुम्ही नकळत नेमक्या जागी बोट ठेवलंत.

तुम्ही पायऱ्यांनी जाता तेव्हा तुम्हाला एकट्याने चालता येतं. समजा नियम असा असता, की पायऱ्या चढायच्या तर पाच जणांनीच मिळून चढायच्या, त्यातल्या एकाला पाणी पाजता आलं पाहिजे आणि एकाने पुढे राहून माकडं अंगावर घेतली पाहिजेत. आणि शेजारी ट्रॉली उभी. मिळतील चार जण? पहिले दोन महिने मिळतील. नंतर तुम्ही पहिल्या पायरीशी हाका मारत उभे, आणि वरून ट्रॉलीतले लोक हात हलवतायत.

'नको असेल तर वापरू नकोस' हे एकट्याच्या खेळात खरं आहे. बागायतदारांनी फार्मची खूण काढली तर त्यांचं त्यांच्यापुरतं भागतं. पाच जणांच्या खेळात चौघांनी बटण दाबायचं ठरवलं की पाचव्याचं न दाबणं म्हणजे न खेळणंच.

लोखंडी_माणूस · बुधवार, रात्री १:३५

जुनाखेळिया काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तुमच्या सगळ्यांपेक्षा लहान, पण मी ओल्ड स्कूल रूनस्केप खेळतो आणि तिथे हे भांडण मतपेटीत घातलंय.

२०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी २००७ च्या ऑगस्टचा बॅकअप काढून तो गेम वेगळा सुरू केला. मोठा बदल करायचा तर खेळाडूंचं मतदान. सुरुवातीला ७५ टक्के लागायचे, पुढे ७० केले. निम्म्याहून जास्त लोकांना पाहिजे असूनही कितीतरी गोष्टी पडल्यात.

ग्रँड एक्स्चेंजचं उदाहरण घ्या. म्हणजे बाजार समिती समजा, माल ठेवा, गिऱ्हाईक गेम शोधून देतो. मूळ गेममध्ये ते २००७ च्या नोव्हेंबरात आलेलं, म्हणजे बॅकअपच्या तीन महिने नंतर. त्यामुळे परत आणलेल्या गेममध्ये ते नव्हतं. लोक बँकेपाशी उभे राहून ओरडून माल विकायचे आणि भाव बघायला बाहेरच्या साइटवर जायचे. बाजार होताच, फक्त गेमच्या बाहेर भरत होता. २०१५ ला मतदान करून आत घेतला. काकांच्या म्हणण्याप्रमाणे बँकेपाशीची गर्दी गेली, हे खरं.

पण त्याच्या आधीच, २०१४ ला, आयर्नमॅन मोड आला होता. कुणाकडून काही घ्यायचं नाही, विकत तर नाहीच, सगळं स्वतः मिळवायचं. नावापुढे खूण येते. मी तोच खेळतो. मला एक्स्चेंजचा त्रास होत नाही कारण मला तिथे जाताच येत नाही. गैरसोय पाहिजे असणाऱ्यांना अधिकृत गैरसोय द्या, वर बिल्ला द्या. भांडण मिटतं.

मधुरा_हीलर · बुधवार, रात्री ११:५८

बाळा, दीडला काय लिहितोस, झोप. मुद्दा छान आहे, पण आयर्नमॅन परत एकट्याचाच. पाच जणांचं काय?

लोखंडी_माणूस · गुरुवार, रात्री १२:०४

ग्रुप आयर्नमॅन पण आहे मॅडम, पाच जणांपर्यंत. २०२१ पासून. गुड नाइट.

बाराच_युनिट · गुरुवार, सकाळी १०:००

अवांतर: या धाग्यात एकही जण हरल्यावर गप्प बसला नाही, याची नोंद घ्यावी.

जुनाखेळिया · रविवार, रात्री १२:३०

वृत्तांत. ठरल्याप्रमाणे काल रात्री आम्ही क्लासिकच्या सर्व्हरवर गेलो. मी, सातपूर_शिफ्ट, आमचा जुना हीलर (त्याने या वेळी हट्टाने मेज, म्हणजे जादूगार, घेतला), कॉलेज रोडच्या टेबलावरचा अजून एक, आणि हीलर म्हणून मधुराताई. कुठली सोय नाही, साउथशोअरहून पायी स्कार्लेट मॉनेस्ट्री. क्वेस्टीसुद्धा बंद, ही सातपूरची अट.

निघेपर्यंत साडेनऊचे सव्वादहा. प्लेगलँड्समध्ये अस्वलाने मेजला खाल्लं, मग आम्ही त्याच्या भुताची वाट बघत झाडामागे बसलो. तिथे ताईंनी विचारलं, तुम्ही सगळे एकमेकांना कसे ओळखता. ते सांगण्यात वीस मिनिटं गेली आणि त्या वीस मिनिटांत अजून दोघं मेले. बुलवर्कवर मी सगळ्यांना चुकीच्या बाजूने नेलं. मला रस्ता तोंडपाठ आहे असं मी वीस वर्षं समजत होतो.

दारापाशी पोचलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं. ताईंची मुलगी उठली. सातपूरला सहाच्या शिफ्टला जायचं होतं. आत कोणीच गेलं नाही.

सातपूर_शिफ्ट · रविवार, सकाळी ५:२०

माझं बोलणं खरं झालं, असं मी म्हणणार नाही. बस पकडायचीये.

सगळ्यांनी दाराशीच लॉगआउट केलंय ना? तिथून कुणी हलू नका. पुढच्या शनिवारी नऊला. मेजने जेवून यावं.